एका भेटीचा इतिहास

कुलवृत्तांत छापून काढण्याची परंपरा आपल्या समाजात चांगलीच रुजलेली आहे. मूळ पुरुष कोण, कुलदैवत कोणते, कोणती शाखा गोमंतक सोडून बेळगावास गेली, कोणती इंदुरास अथवा बडोद्यास स्थिरावली, कोणाचा विवाह कोणत्या घराण्यात झाला आणि अपत्ये किती, हे सारे त्यांत मोठ्या निष्ठेने नोंदलेले असते. असे ग्रंथ चाळताना मधूनच एखादे नाव लागते आणि त्याच्यापुढे एकच शब्द आढळतो : 'अविवाहित'. वंशवृक्षाची ती फांदी तेथेच थांबते. अविवाहित राहण्याची कारणे अनेक असतात. कोणास दारिद्र्याने, कोणास दुखण्याने, कोणास देशकार्याने, तर कोणास वैराग्याने संसारापासून दूर ठेवले. परंतु ज्या पुरुषाचे मन आयुष्यभर एखाद्या पुरुषावरच जडलेले होते, त्याचीही नोंद त्याच एका शब्दाने होते. कारण त्याच्यासाठी वेगळा रकाना कोणी आखलेलाच नव्हता. घराण्याच्या दप्तराने अशा माणसाविषयी मौन पाळले. सरकारी दप्तराने मौन पाळले नाही, पण तेथे त्याचे नाव आले ते गुन्हेगारांच्या यादीत. तेव्हा अशा माणसांच्या प्रेमाचा, वियोगाचा आणि पुनर्भेटीचा इतिहास कोणास लिहावयाचा असेल, तर त्याने कोणत्या साधनांकडे पाहावे?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो एका स्पॅनिश चित्रपटाच्या निमित्ताने. पेद्रो आल्मोदोवार या दिग्दर्शकाचा 'दोलोर इ ग्लोरिया', म्हणजे 'वेदना आणि वैभव', हा चित्रपट २०१९ च्या मार्च महिन्यात स्पेनमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी कान येथील महोत्सवात त्याचे नायक आन्तोनियो बान्देरास यांस सर्वोत्कृष्ट नटाचे पारितोषिक मिळाले. या चित्रपटाच्या मध्यभागी एका रात्रीची भेट आहे. तारुण्यात एकमेकांवर प्रेम केलेले दोन पुरुष सुमारे तीन दशकांनी, केस पिकल्यावर, एका घरात समोरासमोर बसतात, बोलतात आणि निरोप घेतात. पडद्यावर ही भेट काही मिनिटांत आटोपते. तिच्या पाठीमागे उभा असलेला इतिहास मात्र अर्ध्या शतकाहून मोठा आहे. तो आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

भवभूतीची रीत

दीर्घ वियोगानंतरची भेट हा आपल्या साहित्यास अपरिचित विषय नाही. नल आणि दमयंती, दुष्यंत आणि शकुंतला, उदयन आणि वासवदत्ता या कथा कीर्तनांतून आणि रंगभूमीवरून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या सर्व कथांत भेटीपूर्वी एक ओळख पटावी लागते. काळाने माणसे बदललेली असतात, स्मृती मलिन झालेली असते आणि म्हणून काहीतरी खूण लागते. कालिदासाने अंगठीची खूण योजली आणि नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' हा शब्द घातला.

विदर्भातील पद्मपूरचा भवभूती याच्याही पुढे गेला. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी राम पंचवटीच्या परिसरात परततो आणि तेथील प्रत्येक झाड त्यास जुनी आठवण देते. सातव्या अंकात तर गंगातीरी वाल्मीकीने रचलेले नाटक होते. ते रामाचे आणि सीतेचेच नाटक आहे आणि प्रेक्षकांत राम स्वतः बसलेला आहे. आपलीच कथा रंगभूमीवर पाहून तो व्याकूळ होतो, मूर्च्छित पडतो आणि तेथूनच पुनर्भेटीचा मार्ग मोकळा होतो. नाटकाच्या पोटातील नाटक ही येथे ओळखीची खूण झालेली आहे.

आम्ही येथे पूज्य चरित्राची आणि आधुनिक चित्रपटाची बरोबरी करीत नाही. पाहावयाची आहे ती नाट्यरीत. आल्मोदोवार यांच्या चित्रपटात जुन्या प्रेमिकांची भेट घडते ती नेमकी या रीतीने. बाराशेहून अधिक वर्षांचे आणि हजारो कोसांचे अंतर असताना दोन कलावंत एकाच युक्तीवर यावेत, याचे कारण आम्हांस असे वाटते की, ज्या दुःखास चारचौघांत वाचा फोडता येत नाही ते दुःख दुसऱ्याच्या मुखातून, रंगभूमीवरून ऐकले म्हणजेच माणसास आपले म्हणून ओळखता येते.

कथा

चित्रपटाचा नायक साल्वादोर मायो हा एके काळी नावाजलेला दिग्दर्शक. आता तो माद्रिद शहरात एकटा राहतो. पाठीची शस्त्रक्रिया झालेली, डोकेदुखी, दमा, गिळताना घशात अडकणारा घास, अशा व्याधींनी तो जर्जर झालेला आहे. चित्रपट काढण्यास लागणारे शरीरबळ उरले नाही, आणि चित्रपट नसेल तर जगण्यास प्रयोजन नाही, अशी त्याची अवस्था. बत्तीस वर्षांपूर्वी त्याने काढलेला एक चित्रपट पुन्हा दाखविला जाणार म्हणून तो त्यातील नट आल्बेर्तो याच्याकडे जातो. या नटाच्या हेरॉइनच्या व्यसनावरून दोघांचे तेव्हाच बिनसलेले असते. दैवाची थट्टा अशी की, ज्या व्यसनापायी त्याने मित्राशी संबंध तोडला, त्याच व्यसनाचा आधार आता साल्वादोर आपल्या वेदनांवर घेऊ लागतो.

साल्वादोरने 'व्यसन' नावाचे एक आत्मनिवेदन लिहून ठेवलेले असते. १९८० च्या दशकातील माद्रिद, त्यातील त्याचा प्रियकर, त्या प्रियकराला लागलेले हेरॉइनचे व्यसन, त्यास वाचविण्यासाठी केलेले दूरदूरचे प्रवास आणि अखेर प्रेम अपुरे पडल्याची कबुली, असा त्याचा विषय. साल्वादोर ते आल्बेर्तोस रंगभूमीवर करण्यास देतो, पण लेखक म्हणून आपले नाव लावू देत नाही. एका लहानशा नाट्यगृहात, मागे पांढरा पडदा आणि पुढे एकटा नट, असा त्याचा प्रयोग होतो. त्या रात्री प्रेक्षकांत एक गृहस्थ बसलेला असतो. तो ब्युनोस आयरिस येथे स्थायिक झालेला आहे, मावशीच्या वारशाच्या कामासाठी माद्रिदला आलेला आहे आणि सहज म्हणून नाटकास शिरलेला आहे. नाटक पुढे सरकू लागते तसे त्याचे डोळे भरून येतात. नाटकात नाव दुसरे असले तरी ही कथा आपलीच आहे हे त्यास कळून चुकते. तो फेदेरिको. लेओनार्दो स्बाराल्या या अर्जेंटिनी नटाने ही भूमिका केली आहे.

फेदेरिको पत्ता मिळवून त्याच रात्री साल्वादोरच्या दाराशी येतो. पुढील प्रसंगात आक्रोश नाही की दोषारोप नाही. दोघे थोडे मद्य घेतात. फेदेरिको सांगतो की व्यसन सुटले, लग्न झाले, मुले झाली, तो उपाहारगृह चालवितो. साल्वादोरच्या घरातील भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत, पण घरात दुसरे माणूस नाही. निघताना दोघे चुंबन घेतात. आपण येथे राहावे काय असे फेदेरिको विचारतो आणि साल्वादोर हसून नकार देतो. त्यात तिरस्कार नाही. एक कथा अपुरी राहिली होती, ती आज पुरी झाली, एवढेच त्यास पुरेसे वाटते. त्या भेटीनंतर तो हेरॉइन दूर सारतो, वैद्यांकडे जातो आणि पुन्हा लिहू लागतो.

येथे चतुर वाचक विचारील की, ही दोन माणसे मुळात दुरावली कशाने? चित्रपटाचे उत्तर आहे, व्यसनाने. ते खरे आहे. परंतु ज्या पिढीतील ही माणसे आहेत त्या पिढीच्या डोक्यावर काय काय होते हे पाहिल्याखेरीज ते उत्तर पूर्ण होत नाही.

कायदा आणि कारागृह

स्पेनमध्ये १९३३ साली, प्रजासत्ताकाच्या काळात, भटके आणि गुंड यांच्यासंबंधीचा एक कायदा झाला. त्यात समलिंगी पुरुषांचा उल्लेख नव्हता. १९३६ ते १९३९ या यादवी युद्धानंतर जनरल फ्रांको यांची हुकूमशाही आली. १९५४ च्या जुलै महिन्यात त्या राजवटीने जुन्या कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी पुरुषांस त्याच्या कक्षेत आणले. या कायद्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचा रोख घडलेल्या कृत्यापेक्षा माणसाकडून असलेल्या धोक्यावर होता. तुम्ही काय केले यापेक्षा तुम्ही कोण आहात हे न्यायाधीश पाहत असे. अशा माणसांस श्रमछावणीत डांबणे, ठरावीक प्रदेशात राहण्यास मनाई करणे आणि त्यांच्यावर पाळत ठेवणे हे उपाय त्यात होते. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील फुएर्तेव्हेंतुरा बेटावर तेफिया नावाच्या ओसाड माळावर अशी एक छावणी होती. ती १९६६ पर्यंत चालली. रणरणत्या उन्हात दगड फोडण्याचे काम तेथील कैद्यांस करावे लागे.

१९७० साली या कायद्याची जागा 'सामाजिक धोका आणि पुनर्वसन' या नावाच्या नव्या कायद्याने घेतली. नाव बदलले, भाषा वैद्यकाची झाली. माणसांस आता दुरुस्त करावयाचे होते. वेल्वा आणि बादाखोस येथील कारागृहांत समलिंगी पुरुषांस ठेवले जाई. २० नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रांको यांचा मृत्यू झाला. राजकीय कैद्यांस पुढे क्षमादान मिळाले. पण या कायद्याखालील कैद्यांस त्या क्षमेचा लाभ झाला नाही, कारण ते राजकीय नव्हते. ज्यांच्या सुटकेसाठी सभा भरत होत्या त्यांच्या यादीत यांची नावे नव्हती. अखेर १९७७ च्या जून महिन्यात बार्सिलोनाच्या प्रसिद्ध रांब्ला रस्त्यावर या लोकांनी आपली पहिली मोठी मिरवणूक काढली. १९७८ च्या डिसेंबर महिन्यात सरकारने या कायद्यातील समलिंगी संबंधांविषयीचे कलम काढण्याचे ठरविले आणि १९७९ च्या आरंभी ते अमलात आले. संपूर्ण कायदा रद्द होण्यास १९९५ साल उजाडले.

साहित्याची गतही याहून वेगळी नव्हती. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांची १९३६ च्या ऑगस्ट महिन्यात ग्रानादाजवळ हत्या झाली. पुरुषावरील प्रेमातून जन्मलेली त्यांची सुनीते त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक अप्रकाशित राहिली. ती स्पेनमध्ये उघडपणे छापली गेली १९८४ साली. चित्रपटातील प्रियकरांची नावे फेदेरिको आणि साल्वादोर अशी आहेत. ही दोन नावे जोडीने ऐकली की स्पॅनिश वाचकास कवी लोर्का आणि चित्रकार साल्वादोर दाली यांची तरुणपणची गाढ मैत्री आठवल्यावाचून राहत नाही.

माद्रिदची दहा वर्षे

आल्मोदोवार यांचा जन्म १९४९ सालचा, ला मांचा प्रांतातील काल्सादा दे कालात्राव्हा या गावचा. म्हणजे १९५४ ची दुरुस्ती झाली तेव्हा ते पाच वर्षांचेही झालेले नव्हते आणि १९७९ साली कलम निघाले तेव्हा तिशीला टेकले होते. त्यांचे सारे तारुण्य या कायद्याच्या छायेत गेले. ते तरुण वयात माद्रिदला आले, टेलिफोन कंपनीत कारकुनी करू लागले आणि सुट्टीच्या वेळात लहान चित्रफिती काढू लागले. चित्रपटांवरील सेन्सॉरची जुनी पद्धत १९७७ साली संपली आणि १९८० साली त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला.

त्या दशकातील माद्रिदचे वर्णन करताना स्पॅनिश लोक 'मोव्हिदा' हा शब्द वापरतात. गाणे, नाटक, चित्रकला, वेशभूषा, रात्रभर चालणाऱ्या मैफली, अशी ती एक सार्वत्रिक खळबळ होती. चाळीस वर्षे कोंडलेले पाणी बांध फोडून बाहेर यावे तसे ते स्वातंत्र्य आले. पण त्या पाण्याबरोबर गाळही आला. हेरॉइनने स्पेनमधील एक तरुण पिढी पोखरली आणि पाठोपाठ एड्सने घाला घातला. साल्वादोर आणि फेदेरिको यांचे प्रेम या दशकातले आहे, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. कायदा त्यांच्या वाटेतून नुकताच दूर झाला होता. परंतु भीतीत वाढलेल्या माणसांस स्वातंत्र्यात सुखाने राहण्याची रीत शिकविणारे कोणी नव्हते. वडीलधाऱ्यांचा संसार पाहून मुले संसार शिकतात. या तरुणांपुढे तसा एकही संसार नव्हता. त्यांच्या आधीची पिढी कारागृहात, परदेशात अथवा मौनात होती.

१९८७ साली आल्मोदोवार यांनी 'ला लेय देल देसेओ', म्हणजे 'वासनेचा कायदा', हा चित्रपट काढला. त्याचाही नायक चित्रपट दिग्दर्शकच होता आणि त्यावर जीव टाकणाऱ्या तरुणाच्या भूमिकेत होते हेच बान्देरास. तेव्हाचे प्रेम उन्मत्त होते आणि त्याचा शेवट मृत्यूत झाला. बान्देरास पुढे हॉलिवुडला गेले आणि दोघांचे एकत्र काम वीसहून अधिक वर्षे थांबले. २०११ साली ते पुन्हा जुळले. २०१७ च्या जानेवारीत बान्देरास यांस हृदयविकाराचा झटका आला आणि त्यानंतर त्यांनी हा दुखणाईत दिग्दर्शक रंगविला. १९८७ चा तरुण आणि २०१९ चा वृद्धत्वाकडे झुकलेला पुरुष हे दोन्ही त्याच एका मुखावर पाहावयास मिळणे, हा स्पॅनिश प्रेक्षकाच्या दृष्टीने स्वतंत्र इतिहासच होता.

बदललेला कायदा, न परतणारी वर्षे

चित्रपटातील भेट घडते तेव्हा कायद्याची स्थिती काय होती? स्पेनने २००५ च्या जुलै महिन्यापासून दोन पुरुषांच्या अथवा दोन स्त्रियांच्या विवाहास मान्यता दिली. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनंतर युरोपात तो तिसरा देश ठरला. फेदेरिको जेथून येतो त्या अर्जेंटिनाने २०१० च्या जुलै महिन्यात तसाच कायदा केला; लॅटिन अमेरिकेत तो पहिला. म्हणजे ज्या रात्री हे दोघे समोरासमोर बसतात त्या रात्री, दोघांच्याही देशांत, त्यांस एकत्र राहण्यास कोणताही अडथळा उरलेला नाही. आणि तरीही साल्वादोर नकार देतो.

आमच्या मते या चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व नेमके येथे आहे. अन्यायी कायदा रद्द करणे संसदेच्या हाती असते. त्या कायद्याने खर्ची पडलेली वर्षे परत देणे कोणाच्याच हाती नसते. कैद्यांस भरपाई देण्याची तरतूद स्पेनने पुढे केली, ती योग्यच झाली. परंतु ज्यांस कधी अटक झाली नाही, ज्यांनी केवळ भीतीने, लाजेने अथवा दिशाहीनतेने आपले माणूस गमावले, त्यांच्या हानीची मोजदाद कोणत्या वहीत होणार? तीस वर्षांनंतरची भेट गोड असते हे खरे. पण ती गोडी तीस वर्षांच्या किमतीला मिळते.

याच दिग्दर्शकाने पुढे २०२३ साली 'एस्त्रान्या फोर्मा दे व्हिदा' हा एकतीस मिनिटांचा लघुचित्रपट काढला. घोड्यावरून पंचवीस वर्षांनी भेटीस आलेला एक पुरुष आणि आता शेरीफ झालेला त्याचा जुना प्रियकर, एवढाच त्याचा विस्तार. या लघुचित्रपटाचे नाव आमालिया रोद्रिगिश यांनी गायिलेल्या एका फादोवरून घेतलेले आहे आणि फादो हा गानप्रकार गोमंतकीय कानांस परका नाही. अमेरिकेतील दोन गुराख्यांच्या प्रेमाचा 'ब्रोकबॅक माउंटन' हा चित्रपट २००५ साली अँग ली यांनी केला. तो दिग्दर्शित करण्याविषयी त्यापूर्वी आल्मोदोवार यांसही विचारणा झाली होती. त्या चित्रपटात, दोन पुरुषांनी एका मळ्यावर एकत्र राहून करावयाचे तरी काय, हा प्रश्न उत्तरावाचून राहतो. अठरा वर्षांनी आल्मोदोवार यांनी त्याचे उत्तर दिले आणि ते अगदी घरगुती आहे : एकमेकांची काळजी घ्यावी, आजारपणात शुश्रूषा करावी, सोबत असावे. विवाहसंस्थेचे वर्णन आपल्याकडील आजी-आजोबा याहून फारसे वेगळे करणार नाहीत.

आई

'दोलोर इ ग्लोरिया' पाहताना आपल्याकडील वाचकास सर्वांत जवळची वाटेल ती साल्वादोरची आई. तरुणपणी पेनेलोपे क्रूझ आणि वार्धक्यात हुलिएता सेरानो यांनी ती उभी केली आहे. नवऱ्याने गुहेसारखे घर दिले तरी ते सारवून-रंगवून राहण्याजोगे करणारी, मुलास शिक्षण मिळावे म्हणून पाद्र्यांच्या शाळेत धाडणारी, देवभोळी आणि कणखर अशी ही बाई आहे. म्हातारपणी ती आपल्या मृत्यूनंतर अंगावर कोणती वस्त्रे घालावीत, हातात कोणती जपमाळ द्यावी, हे मुलास बजावून सांगते. तिची एकच इच्छा असते, आपल्या गावी, आपल्या बिछान्यात मरण यावे. मुलगा ती पुरी करू शकत नाही. तिचा अंत रुग्णालयात होतो. त्यापूर्वी ती मुलास तोंडावर सांगते की तू चांगला मुलगा झाला नाहीस. मुलगा तिच्याशी वाद घालीत नाही. मी जसा आहे तसा असण्यानेच तुझा अपेक्षाभंग झाला, याबद्दल मला क्षमा कर, असे तो म्हणतो.

या एका वाक्यात त्या पिढीचे सारे दुःख साठले आहे. राज्याने केलेली शिक्षा भोगून संपते. आईच्या डोळ्यांतील निराशा ही मात्र माणूस पन्नाशी-साठीपर्यंत जवळ बाळगतो. फेदेरिकोची पुनर्भेट झाली, तशी आईची होत नाही. ती फक्त आठवणीत आणि अखेर चित्रपटात होते. शेवटच्या दृश्यात प्रेक्षकांस कळते की, आपण ज्या बालपणीच्या आठवणी म्हणून पाहत होतो ते साल्वादोरच्या नव्या चित्रपटाचे चित्रीकरण आहे. नाटकाच्या पोटात नाटक; भवभूतीची रीत पुन्हा एकदा.

आणखी एक खूण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. लहानपणी साल्वादोरने एदुआर्दो नावाच्या एका निरक्षर गवंडी तरुणास अक्षरओळख करून दिली होती. त्या तरुणाने पुस्तक वाचीत बसलेल्या त्या मुलाचे चित्र सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर काढले, मागे आपल्या नवशिक्या अक्षरांत पत्र लिहिले आणि ते घरी धाडले. ते मुलाच्या हाती कधी पडलेच नाही. पन्नास वर्षांनी एका प्रदर्शनात ते त्यास सापडते. एदुआर्दोला शोधणार काय, असे विचारल्यावर तो नाही म्हणतो. पत्र पत्त्यावर पोहोचले, एवढे त्यास पुरे आहे.

आपल्याकडे

आपल्याकडील कायद्याचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम ब्रिटिशांनी आणले. ते १८६२ पासून अमलात आले. ज्या पोर्तुगालचा अंमल गोव्यावर १९६१ पर्यंत होता त्या देशातही १९१२ चा अशाच स्वरूपाचा कायदा होता आणि तेथे समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून १९८२ साली निघाले. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नव्हे असा निर्णय दिला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्य झाला नाही. म्हणजे आपल्याकडे १९१८ साली जन्मलेल्या माणसाने शंभरी गाठली असती, तरच त्यास कायद्याच्या दृष्टीने निर्दोष म्हणून जगता आले असते.

आणि येथे एका मराठी चित्रपटाचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. मुंबईत नोकरी करणारा तिशीचा अविवाहित तरुण वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. पायांत चप्पल नाही, नातेवाइकांचा एकच प्रश्न, लग्न केव्हा? आणि त्या दहा दिवसांत त्यास आपला बालमित्र पुन्हा भेटतो. ज्यास आपण अशौच म्हणतो त्या काळातच त्याच्या आयुष्यात जिव्हाळ्याचे माणूस परत येते. या चित्रपटातील आईस आपल्या मुलाविषयी ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे. साल्वादोरच्या आईने जे दिले नाही ते ही आई देते. म्हणून या मुलास क्षमा मागावी लागत नाही आणि भेटीसाठी पन्नाशीची वाट पाहावी लागत नाही.

दोन चित्रपटांतील हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. स्पेनमध्ये संसदेने आपले काम केले, पण त्या आईपर्यंत ते वेळेत पोहोचले नाही. आपल्याकडे कायद्याची वाट अजून अर्धीच चाललेली आहे. पण घराची वाट कोणत्याही निकालाची वाट पाहत नाही. ती आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या, काका-मामांच्या हाती आहे. गणेशचतुर्थीस, देवळाच्या जत्रेस, घरच्या श्राद्धास जो चाळिशी-पन्नाशीचा पुरुष एकटा येतो आणि एकटाच परत जातो, त्यास पुन्हा एकदा लग्नाविषयी विचारण्याऐवजी 'तुझे कोणी असेल तर त्यास घेऊन ये' एवढे म्हणणे आपल्यास अशक्य आहे काय? आलेल्या पाहुण्यास पान वाढून आग्रह करणे आपल्या धर्मात बसते; त्याने कोणास बरोबर आणले हे पाहून पान काढून घेणे बसत नाही.

आम्ही आरंभी विचारले होते की, या माणसांचा इतिहास कोणत्या साधनांतून लिहावा. सरकारी दप्तरे आहेत. ती त्यांच्यावरील जुलमाचा इतिहास सांगतात. नाटके आणि चित्रपट आहेत. ते त्यांच्या मनाचा इतिहास सांगतात. तिसरे साधन आपल्याच कपाटात आहे. पुढील कुलवृत्तांत जेव्हा छापला जाईल तेव्हा त्या एका शब्दापुढे आणखी एक ओळ घालण्यास जागा ठेवावी : हे गृहस्थ अमुक मित्राबरोबर इतकी वर्षे एकत्र राहिले आणि दोघांनी एकमेकांस अखेरपर्यंत सांभाळले. ज्या घराण्याच्या ग्रंथात अशी ओळ छापली जाईल, त्या घराण्यातील कोणा मुलास आपली कथा परक्या रंगभूमीवर ओळखून अंधारात डोळे पुसावे लागणार नाहीत.